फिटची गोळी आणि नजर: कुठे जायचं, काय न्यायचं, किती लागतील

फिटची नवी गोळी सुरू झाली आणि पंधरा दिवसांत टीव्हीवरची अक्षरं पुसट झाली, जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन दिसायला लागल्या, की बहुतेक जण आधी चष्म्याच्या दुकानात जातात. तिथे तपासणी फुकट असते. नंबर निघतो, दोन-अडीच हजारांचा चष्मा होतो आणि गोळीचा डोस बदलला की तो कपाटात पडतो. एका गोळीच्या बाबतीत तर या फेरीत जे दोन-तीन दिवस जातात, तेच डोळ्याला भोवतात. म्हणून नवी गोळी लागल्यावर किंवा डोस वाढल्यावर नजरेत फरक पडला, तर क्रम असा ठेवा: आधी फिटचे डॉक्टर, मग डोळ्यांचे डॉक्टर, चष्मा सगळ्यात शेवटी. डोळा दुखत असेल तर हा क्रम बदलतो, ते पुढे येईलच.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. मनाने गोळी बंद करू नका. ‘दोन दिवस थांबवून बघू, नजर सुधारते का’ हा विचार साहजिक आहे, पण अचानक बंद केलेल्या गोळीमुळे लागोपाठ फिट येऊ शकतात आणि मग आयसीयू गाठावं लागतं. खासगी रुग्णालयात तिथल्या एका दिवसाचं बिल, औषधं आणि तपासण्या धरून, पाच आकडी सहज होतं. गोळी कमी करणं, बदलणं, थांबवणं हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

आजच जायचं की या आठवड्यात?

डोळा दुखतोय, लाल झालाय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसताहेत, कपाळ ठणकतंय, मळमळतंय आणि लांबचं एकाएकी अंधूक झालंय, अशी लक्षणं एकत्र आली तर त्याच दिवशी, त्याच तासाला निघा. गोळी टोपिरामेट असेल तर रात्र काढू नका. थेट ज्या रुग्णालयात डोळ्यांचे डॉक्टर आहेत तिथे जा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. फिटच्या डॉक्टरांना वाटेतून फोन करा.

दुखत नाही, पण एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, बुबुळं आपोआप थरथरतात, जीभ जड वाटते, तर आज फोन करा आणि एक-दोन दिवसांत दाखवा. तोपर्यंत गाडी चालवू नका, गच्चीवर किंवा शिडीवर चढू नका, गॅसजवळ कुणीतरी सोबत असू द्या. सोबत उलट्या किंवा खूप झोप असेल तर तेही आजचंच काम समजा.

नुसतं वाचताना धूसर दिसत असेल, तर नेहमीच्या तारखेची वाट बघता येते, पण ती तारीख महिनाभराच्या आतली असावी. आणि दोष गोळीचाच, असं धरून बसू नका. मधुमेह आणि मोतीबिंदू फिटच्या रुग्णालाही होतात.

कुठली गोळी, कुठला त्रास

पट्टीवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, खालच्या बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव तुम्हाला हवं. ते कागदावर लिहून घ्या.

कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, लॅकोसामाइड: या गोळ्यांनी दोन-दोन दिसणं किंवा धूसर दिसणं होतं ते बहुतेक वेळा रक्तात औषध जास्त झाल्यामुळे. डोस जुळवला की जातं. यात तुमच्या हातात एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे घड्याळ. चार-पाच दिवस लिहून ठेवा: गोळी किती वाजता घेतली, त्रास किती वाजता सुरू झाला, किती वाजता गेला. गोळीनंतर तास-दोन तासांनी दोन-दोन दिसतं आणि दुपारपर्यंत निवळतं, असं दिसलं तर डॉक्टरांचं अर्धं काम झालं. ते डोस विभागून देतील किंवा हळूहळू विरघळणारी सीआर गोळी देतील. अशी सीआर गोळी चावून किंवा कुटून घेऊ नका. सगळं औषध एकदम सुटतं आणि जे टाळायचं होतं तेच होतं. आजी-आजोबांना गोळी गिळता येत नाही म्हणून घरात ती सर्रास कुटली जाते. गिळता येत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा.

लहान मुलांना फेनिटॉइनचं पातळ औषध देत असाल तर बाटलीकडे नीट बघा. औषधाचा साका तळाला बसतो. न हलवता दिलं तर सुरुवातीचे दिवस वरचं पातळ पोटात जातं आणि फिट थांबत नाहीत. बाटली संपत आली की तेच पाच मिली घट्ट होतं, मग मूल झिंगल्यासारखं चालतं, बुबुळं थरथरतात. प्रत्येक वेळी बाटली जोरात हलवा, आणि मोजायला स्वयंपाकघरातला चमचा घेऊ नका, मेडिकलमधून सुईविना सिरिंज आणा, दहा-वीस रुपयांत मिळते.

फेनिटॉइनचं आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी एकदम उसळू शकते. रक्तात ते १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली असावं असं धरतात. २० च्या वर गेलं की बुबुळं थरथरायला लागतात, ३० च्या पुढे तोल जातो.

दुसऱ्या आजाराचं औषध सुरू झालं आणि नजर बिघडली, असंही होतं. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकमुळे कार्बामाझेपिन रक्तात साठतं. टीबीच्या उपचारातल्या आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन दोन्ही वाढतात. टीबीच्याच उपचारातलं एथाम्ब्युटॉल तर डोळ्याच्या नसेलाच इजा करू शकतं, म्हणून टीबी आणि फिट दोन्हींची औषधं चालू असतील तर नजरेची तक्रार टीबीच्या केंद्रावरही सांगा. लॅमोट्रिजिनवर असताना व्हॅल्प्रोएट हे फिटचंच दुसरं औषध जोडलं, तर लॅमोट्रिजिनचा डोस कमी करावा लागतो. ते राहून गेलं का, हे विचारायला संकोच करू नका.

टोपिरामेट: पहिला महिना डोळ्यात तेल घालून

हे औषध फिटसाठी देतात, अर्धशिशीसाठीही देतात. ते घेणाऱ्यांपैकी थोड्या जणांना, बहुधा सुरू केल्यापासून महिन्याभरात, डोळ्यात आतून सूज येते. सूज नेत्रभिंगाला पुढे ढकलते, त्याने लांबचं अचानक अंधूक होतं आणि डोळ्यातला दाब वाढतो. बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना एकदम होतं. हा काचबिंदूचा झटका आहे, पण नेहमीचा नाही, आणि तुमचे पैसे व डोळे दोन्ही इथेच अडकतात.

चष्म्याच्या दुकानात गेलात तर यंत्र खरंच मायनस नंबर दाखवेल. काल नंबर नव्हता, आज उणे तीन निघाला, म्हणजे चष्मा लागला असं नव्हे, डोळा संकटात आहे. गोळी थांबली की हा नंबर काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरतो. अर्धशिशीचा रुग्ण असेल तर कपाळाचा ठणका ‘नेहमीचाच’ म्हणून वेदनाशामक घेऊन झोपतो. तसं करू नका.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे केसपेपर काढतानाच सांगा: ‘टोपिरामेट चालू आहे, अमुक तारखेला सुरू झालं.’ नेहमीच्या अरुंद कोनाच्या काचबिंदूत बुबुळाला लेझरने बारीक छिद्र पाडतात. गोळीमुळे आलेल्या झटक्यात कारण वेगळं असल्याने त्या लेझरचा उपयोग होत नाही. इथे गोळी लवकरात लवकर थांबवणं, दाब उतरवणारी औषधं आणि बाहुली मोठी करणारे थेंब हा उपचार असतो. लेझर सुचवलं गेलं तर नम्रपणे विचारा, ‘हे गोळीमुळे असेल तर लेझर लागेल का?’ गोळीचा निर्णय दोन्ही डॉक्टरांनी फोनवर बोलून त्याच दिवशी घ्यायला हवा, कारण तिच्या जागी फिटसाठी दुसरं काहीतरी द्यावं लागतं. तो फोन तुमच्यासमोर व्हावा, असा आग्रह धरा.

विगाबॅट्रिन: दुखत नाही, म्हणून तारीख पाळा

लहान बाळांच्या झटक्यांसाठी, विशेषतः ट्यूबरस स्क्लेरोसिस असलेल्या बाळांना, हे औषध फार उपयोगी पडतं. वेळेवर दिलं तर बाळाचा मेंदू वाचतो, त्यामुळे पुढचं वाचून घाबरून ते नाकारू नका. पण ते नजरेच्या कडा खाऊ शकतं. समोरचं स्वच्छ दिसतं, तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते, आणि बाजूचं मात्र हळूहळू बंद होत जातं. गेलेली कड परत येत नाही. अमेरिकेतल्या औषधपत्रकात हे प्रमाण ३० टक्के किंवा अधिक रुग्णांत दिलेलं आहे. त्यातलं तपासणीचं वेळापत्रकही तुम्ही जसंच्या तसं वापरा: सुरू केल्यापासून ४ आठवड्यांच्या आत पहिली तपासणी, मग किमान दर ३ महिन्यांनी, आणि औषध थांबल्यावर ३ ते ६ महिन्यांनी एक. मोबाइलमध्ये तारखा टाकून ठेवा. दवाखाना तुम्हाला फोन करून बोलावेल या भरवशावर राहू नका.

इथे एक चूक हमखास होते. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या फील्ड टेस्टच्या, म्हणजे नजरेचं क्षेत्र मोजणाऱ्या, यंत्रावर काचबिंदूसाठीचा २४-२ हा कार्यक्रम लावून ठेवलेला असतो. तो समोरचे २४ अंशच बघतो. विगाबॅट्रिनचं नुकसान त्याच्या बाहेर सुरू होतं, म्हणजे पैसे भरून ‘नॉर्मल’ रिपोर्ट मिळतो आणि कड जातच राहते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘विगाबॅट्रिनसाठी, पूर्ण फील्ड’ असं लिहून घ्या. गोल्डमन पद्धतीची तपासणी किंवा १२० बिंदूंची पूर्ण फील्ड तपासणी हवी. फोनवरच विचारा, होते का. नसेल तर दुसरीकडे जा.

फील्ड टेस्टला बसताना

एक डोळा झाकतात, हनुवटी टेकवतात, समोरच्या पांढऱ्या वाडग्यात मधोमध पिवळा ठिपका असतो. त्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. एका डोळ्याला पाच ते दहा मिनिटं लागतात. दिवे मुद्दाम इतके मंद केलेले असतात की बरेचसे कुणालाच दिसत नाहीत. ‘मला दिसतच नाही’ म्हणून घाबरून अंदाजाने बटण दाबू नका. रिपोर्ट घेताना कोपऱ्यात ‘फिक्सेशन लॉस’चा आकडा बघा. तो २० टक्क्यांच्या वर असेल तर तपासणी भरवशाची नाही. पुन्हा करायला सांगा, आणि लगेच सांगितलंत तर बहुतेक ठिकाणी पुन्हा पैसे घेत नाहीत. जागरण करून, उपाशीपोटी किंवा नुकतीच फिट येऊन गेल्यावर या तपासणीला बसू नका.

बाहुली मोठी करण्याचे थेंब फील्ड टेस्टच्या आधी घालू देऊ नका. क्रम असा: आधी नजर आणि नंबर, मग दाब, मग फील्ड, शेवटी थेंब आणि पडद्याची तपासणी. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही आणि ऊन सहन होत नाही. गॉगल आणि सोबतीला माणूस न्या.

मुलांसाठी

आठ-नऊ वर्षांखालच्या मुलाकडून फील्ड टेस्ट नीट होत नाही. त्यांच्यासाठी ईआरजी असते, म्हणजे प्रकाशाला पडदा कसा प्रतिसाद देतो याचा आलेख. बाळ शांत राहावं म्हणून गुंगी द्यावी लागू शकते, आणि ही गुंगीच खर्च वाढवते: भूलतज्ज्ञांची फी, काही तासांची खाट, आधीच्या रक्ततपासण्या. ‘ईआरजीचा दर’ एवढंच विचारलंत तर फक्त यंत्राचा दर सांगतील. विचारा, ‘गुंगीसकट, घरी जाईपर्यंत एकूण किती?’ आणि उपाशी ठेवण्याच्या काळात फिटची सकाळची गोळी द्यायची की नाही, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. ती चुकवू नका.

शून्य ते अठरा वयाच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत येणाऱ्या पथकाला सांगा, ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तिथे पैसे लागत नाहीत.

किती लागतील

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतले खासगी दर अंदाजाने असे धरा. डोळ्यांचे डॉक्टर ५०० ते १,०००, मोठ्या रुग्णालयात त्याहून जास्त. न्यूरोलॉजिस्ट ८०० ते २,०००. फील्ड टेस्ट दोन्ही डोळ्यांची ८०० ते २,०००. पडद्याचा ओसीटी स्कॅन १,५०० ते ३,०००. ईआरजी ३,००० पासून पुढे, गुंगी वेगळी. रक्तातल्या औषधाची पातळी एका औषधाची ५०० ते १,५००. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, गोळी सोबत न्यायची आणि रक्त दिल्याबरोबर घ्यायची.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालयं, उदाहरणार्थ जे.जे., केईएम, ससून, या निर्णयात धरलेली नाहीत. तिथे केसपेपरला आणि तपासण्यांना माफक शुल्क असतं. मात्र न्यूरो आणि डोळे हे दोन्ही विभाग एकाच आवारात मिळतात, म्हणून या दुखण्यासाठी मी तीच जागा आधी सुचवेन. सकाळी लवकर पोहोचा. केसपेपरची खिडकी बहुतेक ठिकाणी दुपारच्या आत बंद होते. दोन्ही विभागांचे ओपीडीचे वार एकच नसतात. आधी विचारून जा, नाहीतर एका कामाला दोन खेपा पडतील. गोव्यातल्या वाचकांसाठी बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज.

खासगीत छुपा खर्च कुठे असतो? ‘फील्ड टेस्ट ६००’ म्हणतात, तो दर एका डोळ्याचा असतो. पुन्हा दाखवायला सात दिवस मोफत, आठव्या दिवशी पूर्ण फी. रिपोर्ट पाचव्या दिवशी येणार असेल तर तारीख तशी बांधून घ्या. संध्याकाळी सातनंतर ‘इमर्जन्सी’ची वाढीव फी. रक्त घरी येऊन नेण्याचे शंभर-दोनशे वेगळे. आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे पॅकेज: फील्ड, ओसीटी, पडद्याचा फोटो, कोरड्या डोळ्यांची तपासणी, सगळं एकत्र. कार्बामाझेपिनमुळे दोन-दोन दिसत असेल तर यातलं बरंचसं बिनकामाचं आहे. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, ‘या तपासणीमुळे माझी गोळी किंवा उपचार बदलणार आहे का?’ चष्मा घ्यायचाच ठरला, तर डोस स्थिर होऊन महिना झाल्यावर घ्या आणि पहिला चष्मा साध्या काचेचा घ्या. निळ्या प्रकाशाच्या कोटिंगने गोळीचा परिणाम जात नाही.

आरोग्यविमा बहुधा भरती झाल्यावरच लागू होतो; ओपीडीतल्या या तपासण्या खिशातूनच जातात. भरती व्हावंच लागलं आणि पैसे नसतील, तर धर्मादाय रुग्णालयात सामाजिक कार्यकर्त्याला भेटा. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन म्हणून मोफत, ३,६०,००० पर्यंत असेल तर सवलतीत उपचारांसाठी खाटा राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं. बिल झाल्यावर नव्हे, भरती होतानाच अर्ज द्या.

गोळ्यांचा खर्च वाचवायला जनऔषधी केंद्र चांगलं. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटाम ही औषधं आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. फक्त दर महिन्याला कंपनी बदलू नका, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनची तर नाहीच. डॉक्टरांना सांगून एकदाच बदला आणि तीच चालू ठेवा. दुकानदाराने ‘हे संपलंय, हे घ्या, सेमच आहे’ म्हटलं तर एक दिवस थांबून तीच मागवून घ्या. घरात आठवड्याचा साठा असेल तर हे जमतं.

पिशवीत काय

एमआरआयच्या सगळ्या फिल्म्स डोळ्यांच्या डॉक्टरांना नको असतात. न्या: फिटच्या डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी, चालू सगळ्या औषधांच्या पट्ट्या, प्रत्येक औषध कधी सुरू झालं आणि डोस कधी वाढला याची एक चिठ्ठी, जुना चष्मा आणि त्याचा नंबर, आधीची फील्ड टेस्ट असेल तर तिचा मूळ कागद, आधार. बुबुळं थरथरत असतील तर त्याच वेळी मोबाइलवर जवळून व्हिडिओ घ्या; दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते थांबलेलं असतं. थर्मल कागदावरचे रिपोर्ट वर्षभरात उडतात, फोटो काढून ठेवा.

नजर गेलीच असेल तर

फिटचा आजार, म्हणजे अपस्मार, हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत नावाने नाही. पण अंधत्व आणि कमी दृष्टी आहेत, आणि त्यांच्या व्याख्येत नजरेचं क्षेत्रही मोजतात: ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत राहिलं तर कमी दृष्टी, १० अंशांपेक्षा कमी राहिलं तर अंधत्व. म्हणजे समोरचा तक्ता पूर्ण वाचता येत असला तरी प्रमाणपत्राचा हक्क असू शकतो. खिडकीवर ‘तुम्हाला तर दिसतंय’ म्हणून परत पाठवलं, तर फील्ड टेस्टचा कागद पुढे करा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, शुल्क नाही; सायबर कॅफेवाला भरून देण्याचे पैसे घेतो तेवढेच. मुलाला अपस्मारासोबत सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असेल, तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं आणि त्यात ओपीडीचाही वाटा आहे.

गोळीमुळे नजरेला त्रास झाला, तर त्याची नोंद तुम्ही स्वतः करू शकता. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. औषधाचं नाव, पट्टीवरचा बॅच क्रमांक, सुरू केल्याची तारीख आणि काय झालं ते सांगायचं. फोनला पैसे लागत नाहीत, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. पट्टी मात्र नोंद होईपर्यंत टाकू नका.